सात वर्षांत एक तृतीयांश कामगार निवृत्त होणार : मनुष्यबळाचा आराखडा कसा करावा?

कृष्णाकाठचा

मंडळी, नमस्कार. सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात कार्मिक विभागात आहे. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कृपया अंदाजही बांधू नका.

कारखाना उभा राहिला ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला. पहिल्या दोन-तीन हंगामांत भरती झाली ती सगळी विशीच्या आतबाहेरची पोरं. तीच पोरं आता एकदम साठीला टेकली आहेत. कायम आणि हंगामी कायम मिळून सहाशेच्या आसपास कामगार आहेत आणि त्यातले एक तृतीयांश पुढच्या सात वर्षांत निवृत्त होतील. संचालक मंडळाने माझ्याकडे 'सात वर्षांचा मनुष्यबळ आराखडा' मागितला आहे.

जन्मतारखांवरून यादी काढली, विभागवार बेरजा मारल्या, तक्ता तयार झाला. पण त्या तक्त्यावरून कोणत्या साली किती जागा रिकाम्या होणार एवढंच कळतं. त्या भरायच्या का, कशा भरायच्या, हालचाल कधी सुरू करायची, यातलं काहीच कळत नाही. आणि सात वर्षांनी कारखाना असेल कसा? डिस्टिलरी (इथेनॉल करणारा विभाग) वाढली तर? ऊसच आला नाही तर?

मला वाटतं, रिकाम्या जागा मोजून काही होणार नाही. प्रत्येक कामाला माणूस तयार व्हायला किती काळ लागतो ते मोजून तिथून मागे यायला हवं. पण असं कुणी प्रत्यक्ष केलंय का? कोणत्याही क्षेत्रातला अनुभव चालेल.

निळू

स्पष्ट लिहितो. सहकारी कारखान्यांत माणसं आधीच जास्त आहेत. तेवढंच गाळप खासगी कारखाने कितीतरी कमी लोकांत करतात. निवृत्ती ही तुम्हाला आयती मिळालेली संधी आहे. कुणालाही न दुखावता संख्या कमी होतेय, होऊ द्या. एकही जागा भरू नका, आराखडा एका ओळीत संपला.

टर्बाइन

निळू, पूर्ण असहमत. माणसं जास्त आहेत हे खरं, पण ती कुठे जास्त आहेत? ऑफिसला, गेटवर, गोडाऊनला. निवृत्ती काही विभाग बघून येत नाही. माझ्या माहितीतल्या एका कारखान्यात सरसकट भरतीबंदी केली. कारकून होते तेवढेच राहिले आणि पॉवर हाऊसमधले तीन अनुभवी ऑपरेटर एकाच वर्षात गेले. पुढच्या हंगामात टर्बाइन ट्रिप झाला (आपोआप बंद पडला) की निवृत्त माणसाच्या घरी जीप पाठवायची वेळ यायची. वरून बघितलं तर 'मनुष्यबळ खर्चात बचत'. मिल थांबली की तासाला किती ऊस गव्हाणीत (मिलला ऊस टाकतात तिथे) वाळतो ते त्या हिशोबात कुणी धरलं नाही.

इंद्रायणी

वाचतेय. विषय वाटला तितका रुक्ष नाही :)

पॅनवाले काका

कृष्णाकाठचे, तुमचा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा. मी आयुष्यभर बॉयलिंग हाऊसला (रस आटवून साखर करतात तिथे) काढलं, पॅनमन म्हणून लागलो, पॅन इन्चार्ज म्हणून निवृत्त झालो. आता थोडं सविस्तर लिहितो.

कारखान्यात अशी काही कामं असतात की ती कागदावर एका ओळीची दिसतात. 'पॅनमन, पाळी तीन'. प्रत्यक्षात काय असतं? पॅनमध्ये व्हॅक्यूमखाली सिरप उकळत असतं. प्रूफ स्टिकने नमुना काढायचा, काचेच्या पट्टीवर पसरायचा आणि दिव्यासमोर धरून दाणा बघायचा. दाणा एकसारखा आहे का, मध्ये बारीक खोटा दाणा तर पडला नाही ना? पडला असेल तर पाणी किती द्यायचं, वाफ किती कमी करायची? अंगठा आणि तर्जनीत सिरप धरून तार बघायची. पॅनवर मीटर सगळे आहेत, आम्हीही ते बघायचो. पण तो ऊस नदीकाठचा की माळावरचा, तोडून किती तास झालेत, शिळा आहे का, यावर एकच आकडा वेगळा अर्थ सांगतो. गुऱ्हाळावरचा गुळव्या चुलवाणावरची काहील नुसत्या डोळ्यांनी ओळखतो, तसंच हे आहे.

असा माणूस किती दिवसांत तयार होतो? वर्षातून कारखाना चालतो चार-पाच महिने. म्हणजे शिकायला वर्ष मिळत नाही, हंगाम मिळतो. माझ्या हाताखालची चांगली पोरं चार-पाच हंगामांनंतर एकटी पॅन सांभाळू लागली. तेही पहिल्या हंगामापासून कुणीतरी बरोबर उभं होतं म्हणून. एखाद्या साली दुष्काळाने गाळप दोन महिन्यांत आटोपलं, तर तो हंगाम शिकण्याच्या हिशोबात अर्धाच धरावा.

तेव्हा तुमचा पॅन इन्चार्ज २०३० ला निवृत्त होणार असेल, तर त्याच्या जागी उभा राहणारा पोरगा येत्या हंगामात पॅन स्टेशनला दिसला पाहिजे. २०२९ ला जाहिरात देऊन उपयोग नाही.

निळू

काका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहेच. पण आता कंटिन्युअस पॅन आलेत, डीसीएस (संगणकावरचं नियंत्रण) आलंय. एका स्क्रीनवर सगळं दिसतं. हे डोळ्यांचं कसब आणखी किती वर्षं लागणार?

पॅनवाले काका

निळूभाऊ, प्रश्न रास्त आहे. कंटिन्युअस पॅन आले, चांगले आहेत. पण त्यांना लागणारं ग्रेन (सुरुवातीचा बारीक दाणा) बहुतेक ठिकाणी बॅच पॅनलाच तयार होतं. म्हणजे पॅनवर माणसं कमी लागतील, चारच्या जागी दोन. पण ते दोघे जास्त जाणते लागतील, कारण ग्रेन बिघडलं तर पुढची सगळी साखर बिघडते. शिवाय सेन्सरवर साखर चढली आणि तो खोटं बोलायला लागला, हे ओळखायला कुणीतरी लागतंच.

अश्विनी_चाकण

काकांचा प्रतिसाद आमच्या प्रशिक्षण खात्यात छापून लावावा असा आहे.

मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत एचआरला आहे. आम्ही हा आराखडा दरवर्षी करतो, त्यातलं उपयोगी पडेल ते सांगते. जन्मतारखांची यादी बाजूला ठेवा. कामांची यादी करा, पदांची नको. 'फिटर' हे पद झालं. 'मिल रोलर बसवून सेटिंग करणं' हे काम. मग प्रत्येक कामासमोर तीन गोष्टी लिहा : आज हे एकट्याने करू शकणारी माणसं किती, त्यातली कोण कधी जाणार, आणि नवा माणूस तयार व्हायला किती काळ (तुमच्याकडे हंगाम) लागतो. ज्या कामात माणसं जायला उरलेला काळ तयारीच्या काळापेक्षा कमी आहे, तिथे तुम्ही आजच उशिरात आहात. ती नावं लाल शाईत.

पहिल्यांदा केलं तेव्हा लक्षात आलं की लाल रंगात निघालेली कामं अगदी मोजकी होती. वरिष्ठांना शंभर जागांचा प्रस्ताव दिला तर तो बाजूला पडतो. 'ही नऊ कामं, ही माणसं, ही तारीख' म्हटलं की चर्चा होते.

आणि यादी ऑफिसात बसून करू नका. फोरमनबरोबर शॉपवर फिरून करा. पदनाम 'हेल्पर' असलेला माणूस प्रत्यक्षात सगळ्यात अवघड काम करत असतो, हे कागदावर कधीच दिसत नाही.

टर्बाइन

शेवटच्या परिच्छेदाला +१००. आमच्याकडे गव्हर्नर (टर्बाइनचा वेग सांभाळणारा भाग) उघडून परत बसवू शकणारा एकच जण होता, आणि तो मस्टरवर खलाशी, म्हणजे साधा मदतनीस होता.

मेट्रन

रुग्णालयात परिचारिकांच्या ड्युट्या लावण्यात उमेदीची वर्षं गेली, म्हणून एक भर घालते. पाळीचं काम असेल तर 'तीन पाळ्या म्हणजे तीन माणसं' हा हिशोब कधीही करू नका. वर्षाच्या ३६५ दिवसांच्या तीन पाळ्या म्हणजे १०९५ पाळ्या. एका माणसाच्या ५२ साप्ताहिक सुट्ट्या, रजा, सणवार आणि आजारपण वजा केलं तर तो साधारण २८० दिवस हाती येतो. १०९५ ला २८० ने भागा. जवळपास चार. एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायला चार माणसं लागतात. तुमचा हंगाम वर्षभराचा नसतो, तरी हिशोब हाच. उलट हंगामात कुणाला रजा द्यायची नाही असं ठरवलं तर माणसं आजारी पडतात आणि मग ती कुणालाच न विचारता गैरहजर राहतात.

कमी माणसांत चालवून दाखवणाऱ्या साहेबांचं कौतुक होतं. ताण कुणी सोसला ते कुठेच लिहिलं जात नाही. याचा मला आजही राग आहे.

बिंदुनामावली

सरकारी बाजू. आमच्याकडे कोण कधी निवृत्त होणार हे सेवापुस्तकात पहिल्या दिवसापासून लिहिलेलं असतं. राज्य शासनात बहुतेक संवर्गांना ५८, चतुर्थ श्रेणीला ६०. म्हणजे भविष्याची इतकी पक्की माहिती दुसऱ्या कुणाकडे नसेल. तरी जागा रिकाम्या राहतात, कारण निवृत्ती कळणं आणि भरतीला परवानगी मिळणं यांच्यामध्ये सुधारित आकृतिबंध (मंजूर पदांचा तक्ता), वित्त विभागाची मान्यता, बिंदुनामावलीची (कोणती जागा कोणत्या आरक्षणाची, त्या यादीची) तपासणी, मागणीपत्र, परीक्षा आणि न्यायालयीन प्रकरणं असा लांब रस्ता आहे. मग साचलेल्या जागांची एकदम भरती जाहीर होते. २०२२ साली ७५ हजार पदांची घोषणा झाली होती, आठवत असेल.

कृष्णाकाठचे, एकदम भरतीचा तोटा तुम्ही आज भोगताच आहात. १९८९ ला एकदम भरलं म्हणून आज एकदम रिकामं होतंय. आता पुन्हा एका झटक्यात दीडशे पोरं घेतलीत, तर पस्तीस-चाळीस वर्षांनी तुमच्या खुर्चीवर बसणारा असाच धागा काढेल. थोडी थोडी दरवर्षी घ्या.

गावठाण

हा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता. वयाची उतरंड सपाट करणं हे आराखड्याचं वेगळं उद्दिष्ट धरायला हवं.

भुसावळकर

बिंदुनामावलींच्या मुद्द्याला जोडून रेल्वेचं उदाहरण. सहायक लोको पायलटची मोठी भरती २०१८ ला निघाली, त्यानंतरची थेट जानेवारी २०२४ ला. सहा वर्षांचं अंतर. जाहिरात होती ५६९६ जागांची. जून २०२४ मध्ये कांचनजंगा एक्स्प्रेसचा अपघात झाला आणि चालकांच्या कामाच्या तासांवर देशभर चर्चा सुरू झाली. त्याच महिन्यात तो आकडा १८७९९ झाला. गरज काही एका महिन्यात तिपटीने वाढली नव्हती. ती होतीच, मोजली गेली नव्हती किंवा मोजून बाजूला ठेवली होती. २०२४ पासून रेल्वेने दरवर्षीच्या भरतीचं वेळापत्रक सुरू केलं, ते योग्यच.

आणि निवड झाली म्हणजे माणूस इंजिनावर चढला असं नाही. वैद्यकीय तपासणी, प्रशिक्षण केंद्र, मग मार्गाची ओळख. घाट सेक्शनला तर अधिकच. काका म्हणतात तेच.

सई_लंडन

छान धागा. इकडचं उदाहरण देते, कारण ते खूप मोठ्या प्रमाणावरचं आहे. जून २०२३ मध्ये इंग्लंडच्या एनएचएसने (सरकारी आरोग्यसेवेने) पहिल्यांदाच पंधरा वर्षांचा मनुष्यबळ आराखडा जाहीर केला. तेव्हा १ लाख १२ हजारांहून जास्त जागा रिकाम्या होत्या. वैद्यकीय प्रवेश दुप्पट करून २०३१ पर्यंत वर्षाला १५ हजारांवर न्यायचे असं त्यात ठरलं. आज प्रवेश घेतलेला मुलगा विशेषज्ञ व्हायला दहा वर्षांहून जास्त लागतात, म्हणून मुदत पंधरा वर्षांची. आराखड्याचे तीन भाग होते : नवी माणसं शिकवणं, असलेली टिकवणं आणि कामाची पद्धत बदलणं.

मार्च २०२४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने त्यामागचं गणित तपासलं आणि त्रुटी दाखवल्या. आराखड्याने उत्पादकता दरवर्षी दीड ते दोन टक्क्यांनी वाढेल असं धरलं होतं. ते गृहीतक हललं की लागणाऱ्या माणसांचा आकडा कितीतरी बदलतो. मला यातून घेण्यासारखं वाटलं ते हे की गृहीतकं उघड लिहिलेली होती, म्हणून कुणाला ती तपासता आली. तुमच्या आराखड्यातही 'अमुक धरलं आहे' हे पहिल्या पानावर लिहा. नंतर चुकलं तर नेमकं काय चुकलं ते कळतं.

दुसरं म्हणजे टिकवणं. निवृत्ती सगळ्यांना दिसते. तिशीतला माणूस सोडून जातो ते कुणाच्या तक्त्यात नसतं.

कृष्णाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं भरभरून येईल असं वाटलं नव्हतं. सईताई, टिकवण्याचा मुद्दा अगदी खरा. डिस्टिलरीतले दोन केमिस्ट गेल्या वर्षी खासगीत गेले. ते माझ्या यादीत कुठेच नव्हते, कारण दोघांचं वय पस्तिशीच्या आत.

गृहीतकांचं काय करू ते मात्र सांगा. आमच्याकडे ऊसच सगळं ठरवतो. २०२१-२२ ला राज्यात सुमारे १३७ लाख टन साखर झाली, मराठवाड्यात जूनपर्यंत गाळप चाललं. २०२४-२५ ला तोच आकडा ८० लाख टनांच्या आसपास आला. इथेनॉलचंही तसंच. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करायला केंद्राने एकदम बंदी घातली, मग थोडी ढील दिली आणि पुढच्या वर्षी निर्बंध उठवले. डिस्टिलरीला माणसं किती लागतील हे सात वर्षं आधी कुणी सांगावं?

अश्विनी_चाकण

कुणीच सांगू नये :) आमच्याकडेही विजेवरच्या गाड्या किती येणार यावर रोज मत बदलतं. एकच भविष्य धरू नका, तीन धरा. ऊस भरपूर आणि डिस्टिलरी पूर्ण क्षमतेने, ऊस बेताचा, आणि दुष्काळ. तिन्हींत माणसांचा हिशोब वेगवेगळा मांडा. मग बघा, तिन्हीकडे लागणारी माणसं कोणती? बॉयलर, पॅन, मिल, लॅब. त्यांची तयारी बिनदिक्कत सुरू करा. फक्त पहिल्या भविष्यात लागणारी असतील तिथे कायम भरती थांबवा. मुदतीच्या करारावर घ्या किंवा आहे त्यांनाच दुसरं काम शिकवा.

मुदतीच्या कराराबद्दल सावध करते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यात अशा कर्मचाऱ्याला एक वर्ष पूर्ण झालं की ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो, पाच वर्षं थांबावं लागत नाही. चांगलं आहे, पण खर्चात धरा.

हिशोबनीस

ग्रॅच्युइटीचा विषय निघालाच आहे तर अकाउंट्सवाल्याचं ऐका. तुमच्या आराखड्याची एक प्रत फायनान्सला आधी द्या. समजा शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता ४० हजार आणि सेवा ३२ वर्षं. ४०,००० ला २६ ने भागून १५ ने गुणा, मग ३२ ने गुणा. ७ लाख ३८ हजार होतात, शिवाय शिल्लक रजेचे पैसे. कायद्याची कमाल मर्यादा २० लाख. अशी पंचवीस-तीस माणसं एकाच वर्षी निघाली तर दोन कोटींच्या वर रक्कम एका वर्षात लागते. तरतूद नसेल तर माणूस चपला झिजवतो. निवृत्तांना हक्काच्या पैशांसाठी कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसलेलं मी पाहिलंय, आणि ते चित्र बघून तरुण पोरगा काय ठरवतो? इथे राहायचं नाही.

गावठाण

हे वाचून गप्प झालो.

निळू

हिशोबनीस, हा मुद्दा मान्य. पण मूळ अडचणीला कुणी हात घालत नाहीये. सहकारात आराखडा कितीही चांगला करा, भरतीच्या वेळी संचालकांच्या चिठ्ठ्या येणार. 'आमच्या गटातला पोरगा घ्या.' मग पॅनला लागणारी जागा वॉचमनने भरते.

टर्बाइन

या वेळी निळूशी सहमत, पहिल्यांदाच :)

शेतकीवाला

चिठ्ठ्या येतात, नाकारून चालणार नाही. पण उपाय आहे. गावातला पोरगा घेण्यात वाईट काहीच नाही, तो टिकतो, रात्री दोनला बोलावलं तरी येतो. अट एवढीच घाला की थेट कायम नेमणूक नाही, आधी शिकाऊ उमेदवार म्हणून या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. तुमच्या सहाशेला किमान पंधरा, कमाल नव्वद. विद्यावेतनातला काही भाग केंद्राच्या नॅप्स योजनेतून मिळतो. तालुक्याच्या आयटीआयमधून फिटर, इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक घ्या. ज्याची चिठ्ठी आहे तोही येऊ दे, पण दोन हंगाम कामात दिसल्यावर फोरमनच्या सहीने पुढे जाईल. चिठ्ठीवाला काम शिकला तर कुणाची तक्रार आहे?

आणि शेतकी विभाग विसरू नका. पूर्वी चिटबॉय बांधावर जाऊन लागणीच्या नोंदी वहीत घ्यायचा. आता मोबाइलवर जागेसकट नोंद होते, त्यामुळे तिथे तेवढी माणसं लागणार नाहीत. पण तोडणीच्या टोळ्या दरवर्षी कमी होताहेत. उचल (आगाऊ रक्कम) देऊनही कोयते (तोडणी मजुरांच्या जोड्या) पूर्ण येत नाहीत. बीडकडची पोरं शिकताहेत, चांगली गोष्ट आहे, त्यांनी कोयता का धरावा? म्हणजे हार्वेस्टर वाढणार. हार्वेस्टरचं हायड्रॉलिक दुरुस्त करणारी माणसं तुमच्याकडे किती आहेत? तोडणी मजूर तुमच्या मस्टरवर नाहीत म्हणून आराखड्यात नसतील, पण ते आले नाहीत तर गव्हाण रिकामी आणि आतले सहाशे बसून. त्यांच्यावरही एक पान लिहा.

इंद्रायणी

चिटबॉयचं काम कमी होतंय आणि हार्वेस्टरला माणूस हवाय. मग त्यातल्याच तरुणांना हार्वेस्टर शिकवता येणार नाही का? बांध, शेतकरी, रस्ते, सगळं त्यांना माहीत असतं.

शेतकीवाला

इंद्रायणीताई, शंभर टक्के. दोघांना या वर्षी कंपनीच्या प्रशिक्षणाला पाठवायचा विचार आहे.

सचिन_स्टुटगार्ट

उशिरा आलो. इकडे जर्मनीत मोठ्या संख्येची पिढी एकदम निवृत्त होतेय, तुमच्या कारखान्याचंच चित्र देशभर. इथे मेकॅट्रॉनिक्सचं प्रशिक्षण साडेतीन वर्षांचं, त्यातला बराच काळ प्रत्यक्ष कारखान्यात. आणि तरी माणसं पुरत नाहीत, म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेमबर्गने महाराष्ट्राबरोबर कुशल मनुष्यबळासाठी करार केला. म्हणजे कृष्णाकाठचे, तुमचा आयटीआय झालेला चांगला इलेक्ट्रिशियन फक्त शेजारच्या खासगी कारखान्यालाच नको आहे. हेही धरून चाला.

कृष्णाकाठचा

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तुमचे प्रतिसाद छापून घेतले आणि गेला आठवडा चीफ इंजिनिअर, चीफ केमिस्ट आणि दोन फोरमन यांच्याबरोबर प्लँटमध्ये फिरलो. अश्विनीताईंच्या पद्धतीने कामांची यादी केली. सात वर्षांत निवृत्त होणारे दोनशे, पण लाल शाईत आलेली कामं अकराच निघाली. पॅन, पहिल्या वर्गाचा बॉयलर अटेंडंट, मिल सेटिंग, टर्बाइन, डिस्टिलरीचं फर्मेंटेशन, वजनकाट्याची देखभाल वगैरे. वजनकाटा माझ्या डोक्यातही नव्हता. तिथला माणूस दोन वर्षांत जाणार आणि त्याच्या हाताखाली कुणीच नाही. शेतकऱ्याचा काट्यावरचा विश्वास हा त्या एका माणसावरचा विश्वास आहे.

मंडळासमोर असं मांडणार आहे : या अकरा कामांना येत्या हंगामापासून जोडीला शिकाऊ माणूस. बाकीच्या जागांपैकी ऑफिस आणि गोडाऊनच्या बहुतेक भरायच्या नाहीत (निळू, हे तुमचं). भरायच्या त्या दरवर्षी थोड्या. ऊस आणि इथेनॉलची तीन गृहीतकं पहिल्या पानावर. ग्रॅच्युइटीचा वर्षवार आकडा सोबत.

काका, एक विचारायचं राहिलं. पॅनला दोन पोरं लावायचा विचार आहे. बीएस्सी केमिस्ट्री घ्यावेत की आयटीआय? आणि तुमच्यासारखे निवृत्त लोक हंगामापुरते शिकवायला येतील का?

पॅनवाले काका

येतील की. फक्त ऑपरेटर म्हणून बोलावू नका. पाळीला लावलंत तर म्हातारा पॅन चालवेल आणि पोरगा चहा आणेल, पाच हंगाम झाले तरी शिकणार नाही. नेमणुकीच्या पत्रातच लिहा की पॅन पोराने चालवायचा, म्हाताऱ्याने मागे उभं राहायचं. पहिल्या हंगामात साखरेची थोडी प्रत घसरेल, ती मंडळाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या खोट्या दाण्याला पोराला हटवतील.

शिक्षणाचं म्हणाल तर एक बीएस्सी आणि एक आयटीआय घ्या. बीएस्सीवाला पुढे केमिस्ट व्हायच्या मागे लागेल, ते त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. आयटीआयवाला पॅनवर राहील. कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेचा शुगर बॉयलिंगचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटलाही चौकशी करा. पण आधी एक हंगाम पॅनवर काढू द्या, मग पाठवा, म्हणजे तिथे काय विचारायचं ते त्याला कळेल.

आणि दोन नको, तीन घ्या. एक जण तिसऱ्या हंगामाला खासगीत जाणार हे धरूनच चाला.

अश्विनी_चाकण

काकांच्या 'तीन घ्या'ला आमच्याकडे नियमच आहे : लाल कामाला एक जास्त. कृष्णाकाठचे, तुमच्या तक्त्याचे रकाने कसे केलेत ते नावं वगळून इथे टाकाल का? आमच्याकडे पाळीचं काम वेगळं दाखवलेलं नाही, मेट्रनताईंचा चारचा हिशोब त्यात घालायचाय.

कृष्णाकाठचा

टाकतो. मंडळाची बैठक सोमवारी आहे, ती झाली की लगेच. पॅनच्या रकान्यात तीन लिहिलं आहे.